शेवटच्या दिव्याची वात

दौलताबादचा घाट चढून वर आलं, की खुलताबादच्या अलीकडं रस्त्याला लागून नानासाहेबांचं शेत होतं. नानासाहेब मूळचे पिशोरचे. घरची जमीन भावांच्या हवाली करून ते औरंगाबादला सरकारी नोकरीत रमले, आणि पेन्शन सुरू झाल्यावर ह्या माळावर येऊन बसले. चार खोल्या बांधल्या, पुढं लांबलचक ओसरी काढली, आणि वेरूळची लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना त्या खोल्या द्यायला सुरुवात केली. खोल्यांमध्ये वीज होती, पंखे होते. ओसरीत मात्र विजेचा दिवा लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट. तिथं एका ओळीनं जुने रॉकेलचे दिवे टांगलेले.

दिवे त्यांच्या वडिलांनी जमवलेले होते. पोलीस ॲक्शननंतर निजामाचे कितीतरी अंमलदार बाडबिस्तरा आवरून हैदराबादकडं निघून गेले, आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान शहराच्या बाजारात ढिगानं आलं. वडिलांनी त्यातले दिवे तेवढे उचलले. कुणाची टाकी पितळेची, कुणाची चिनी मातीची; कुणाच्या डोक्यावर दुधी काचेची टोपी. वडिलांना हौस होती, मुलाला वेड लागलं. पण आता नानासाहेबांचे हात थरथरायचे. काच धरली की ती बोटांत किणकिण वाजायची. म्हणून त्यांना दुसरे हात हवे होते, आणि ते मिळाले सारजाबाईचे.

सारजाबाई पलीकडच्या वस्तीवरची, मेंढरं वळणाऱ्या घरातली सून. सकाळी शेतावर मजुरीला जायची, आणि भाद्रपदापासून दुपार कलली की नानासाहेबांकडं दिव्यांच्या कामाला यायला लागली.

तिला वाटलं होतं, दिव्याचं काय काम? वात वर करायची, काडी लावायची. पहिल्याच संध्याकाळी तिनं एका दिव्याची ज्योत एकदम चढवली आणि काच टचकन तडकली. ती जागच्या जागी थिजली. नानासाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"आदी बारीक ठेवायची," ते म्हणाले. "काच ऊन होऊ द्यायची. मग हळूहळू चढवायची. तू झोपेतून उठल्याबरोबर पळतीस का? तिला बी तसंच आहे."

मग रोज ते खुर्चीत बसून सांगायचे आणि ती करायची. बर्नर म्हणजे दिव्याचं नाक, त्यातून तो श्वास घेतो. त्याच्या जाळीच्या भोकांत मेलेली चिलटं अडकली की दिवा गुदमरतो आणि काळं ओकतो. म्हणून जाळी सुईनं मोकळी करायची, आणि काजळी फार धरली की बर्नर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायचा. वात बसवताना फटीत बोटानं अंदाज घ्यायचा. सैल वात झाली तर ज्योत खाली टाकीकडं सरकते, दाटून बसली तर तेल वर चढत नाही. नवी वात आधी उन्हात वाळवायची, मग तेलात भिजत ठेवायची, कोरडी कधी पेटवायची नाही. वरचं टोक सरळ कापायचं आणि दोन्ही कोपरे जरा गोलसर करायचे, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत.

सारजाबाईला ह्या कामाची गोडी लागली. दुपारच्या उन्हात ओसरीच्या पायरीवर बसून ती काचा पुसायची. आधी राखुंडी, मग कोरडं मऊ फडकं. पुसलेली काच डोळ्यासमोर धरली की समोरचे डोंगर त्यात वाकायचे, देवगिरीचा किल्ला पाण्यात पडल्यासारखा हलायचा, आणि रस्त्यानं चाललेला माणूस काचेच्या एका कडेला विरून दुसऱ्या कडेला उगवायचा. तिला वाटायचं, आपण जागं आहोत की डुलकीत? मग नानासाहेब खाकरायचे आणि ती पुढची काच घ्यायची.

ओळीतला सगळ्यात शेवटचा दिवा तेवढा कधी लागायचा नाही. तो सगळ्यांत मोठा होता, पितळी टाकीचा, वर दुधी टोपी. त्याचा बर्नर इतरांसारखा चपट्या फटीचा नव्हता, गोल होता. त्याची वात कधीच संपली होती, आणि तसली वात आता मिळत नव्हती. सारजाबाई त्याचीही धूळ पुसायची, टोपी धुऊन ठेवायची, आणि तो तसाच अंधारात टांगलेला राहायचा.

घरी ती आणि नवरा केरबा, दोघंच. लेक गेल्या साली लग्न होऊन लासूरकडं नांदायला गेली. केरबाचा बाप होता तोवर त्यांच्याकडं मेंढरं होती. बाप गेला, चराईची रानं एकेक करून बंद झाली, आणि केरबानं पिशोरच्या बाजारात सगळा कळप विकून टाकला. त्या दिवशी तो खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन एकटाच पायी घरी आला. त्यानंतर त्याचं बोलणं आटत गेलं. वाळूजच्या एका कारखान्यात त्याला कंत्राटावर काम मिळालं. पाळी बारा तासांची, आणि रात्रीच्या पाळीला कोणी राजी नसायचं. केरबानं नको म्हटलं नाही, म्हणून कंत्राटदारानं त्याला रात्रीवरच ठेवलं.

सकाळी तो यायचा तेव्हा ती मजुरीला निघालेली असायची. तो भाकर खायचा आणि तोंडावर घोंगडी ओढून झोपायचा. दुपारी तो उठायचा तेव्हा ती दिव्यांकडं गेलेली. दिवस मावळता खुलताबादहून कामगारांची गाडी यायची, वस्तीच्या फाट्यावर केरबाला घ्यायची, आणि दोनचार वळणं घेऊन नानासाहेबांच्या फाटकासमोरून घाटाकडं उतरायची. सारजाबाई तेव्हा दिवे लावत असायची. ती गाडीकडं बघायची. खिडक्यांत डोकी दिसायची, पण त्यातलं केरबाचं कोणतं ते कधी ओळखू यायचं नाही. गाडी निघून जायची आणि मागं धूळ तेवढी लोंबकळत राहायची.

असं करता करता दिवस लहान झाले. आता गाडी जायची ती नीट अंधार पडल्यावर.

एका सकाळी केरबा कामावरून आला. सारजाबाई डोक्याला फडकं बांधून निघालेलीच होती. त्यानं पायातली चप्पल काढली, हात धुतले, आणि तिच्याकडं न बघताच म्हणाला, "शेवटला दिवा कामून लावत नाय?"

ती दारातच थांबली. "कोणता शेवटला?"

"वसरीतला. बाकीचे समदे लागतेत. त्यो एकच नाय लागत."

"तुमाला काय ठावं?"

"दिसतंय की गाडीतून. रोज बघतो."

रोज बघतो. इतके दिवस ती ज्या खिडक्यांकडं बघत होती, त्यातल्या एकीतून हा माणूस तिच्याकडं बघत होता, आणि घरी येऊन एक अक्षर बोलत नव्हता. "त्याची वात मिळत नाय," एवढंच ती म्हणाली आणि निघाली. पण त्या दिवशी कापूस वेचताना तिचे हात एका झाडाशीच रेंगाळत राहिले, आणि सोबतच्या बायका तिला सोडून चार ओळी पुढं गेल्या.

दुपारी तिनं नानासाहेबांना विचारलं, "त्या मोठ्या दिव्याला वात लागंल तरी कसली?"

नानासाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी तो बर्नर खाली काढायला लावला, आणि उघडून दाखवला. "वात गोल दिसते, पण असती चपटीच. रुंद पट्टी. खालून चपटी घालायची, आत जाता जाता ती ह्या नळीभवती गुंडाळत जाते आणि वर तिचा गोल होतो. आता गंमत अशी, की दोन्ही कडा नेमक्या भेटल्या पाहिजेत. एकीवर एक चढली की तिथं वात अडकते आणि धूर होतो. मधी जागा राह्यली, की ज्योतीला खिंड पडते."

त्यांनी कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळायला सांगितली. जिथं टोकाला टोक लागलं तिथं सारजाबाईनं ती कातरली. ती पट्टी पदराच्या गाठीला बांधून दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून ती यष्टीनं औरंगाबादला गेली.

शहागंजात ती दुकानामागून दुकान हिंडली. कंदिलाच्या वाती होत्या, स्टोच्या वाती होत्या, समईच्या होत्या. ह्या मापाची कुठंच नव्हती. एका म्हाताऱ्या दुकानदारानं कागद हातात घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे.

"अम्मा, ये चौडी वात अब कौन मांगता? मेरे वालिद के जमाने में थान के थान आते थे."

मग त्यानं आतून एक पांढरीशुभ्र, चकचकीत पट्टी आणून दिली. रुंदी बरोबर त्या कागदाएवढी. सारजाबाई हरखली. तिनं ती नीट चुरगाळूनही बघितली नाही.

संध्याकाळी वात बसवली, भिजवली, पेटवली. क्षणभर निळसर ज्योत फिरली, आणि मग वातीचं टोक आकसून त्याचा काळा गोळा झाला. प्लास्टिक जळाल्याचा वास ओसरीभर पसरला.

"नायलॉन आहे," नानासाहेब म्हणाले. "वात सुताचीच पाहिजे. चुरगाळून कान लावला असता तर करकरली असती." ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनाही त्या दिव्याची आशा लागली असावी, कारण ते काठी टेकत आत गेले आणि त्या संध्याकाळी परत बाहेर आले नाहीत. सारजाबाईनं बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळत ठेवला आणि चिकटलेलं ते काळं सुईनं खरवडत बसली. ज्योत फिरली त्याच वेळी गाडी समोरून गेली होती. तिनं तेव्हा मान वर केली नव्हती.

सकाळी केरबा आला आणि म्हणाला, "काल जरासा लागल्यावाणी झाला."

"विझला," ती म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. नळी, कडा, नायलॉन, सगळं. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी इतकं बोलली. तो ऐकत होता. मग त्यानं कागदाची पट्टी मागून घेतली आणि बोटांवर धरून तिची रुंदी मोजली.

"गोफणीचा मधला पट्टा एवढाच असतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर चुलीपाशी एक पट्टा ठेवलेला होता. काळ्या लोकरीचा, घट्ट, दोन्ही कडा सुतात धरल्यासारख्या सरळ. केरबानं जुन्या घोंगडीची लोकर उसवून, झोप मोडून तो विणला होता. सारजाबाईनं तो हातात घेतला. इतकी देखणी वीण तिनं सासऱ्याच्या हातची सोडून कुणाची बघितली नव्हती. त्या आठवड्यात शुक्रवारऐवजी रविवारी सुट्टी मिळून केरबा घरी राहिला तेव्हा त्यांनी पट्ट्याचं टोक रॉकेलात बुडवून काडी लावून बघितलं. रॉकेल होतं तोवर जळलं, मग लोकर तडतडली, गोळा झाली, आणि होळीत केस पडल्यासारखा असा वास सुटला की दोघंही खोकत अंगणात पळाले.

"मेंढरू भाजलं जणू!" केरबा म्हणाला, आणि हसायला लागला. सारजाबाईनं तोंडाला पदर लावला, तरी हसू आवरेना. शेजारची भागूबाई कुडावरून डोकावली, आणि ह्या दोघांना काय झालं ते न कळून परत गेली.

मग कापूस. कापसाला ह्या दिवसांत काय तोटा? सारजाबाईनं शेतमालकिणीला विचारून ओंजळभर आणला. पण केरबाची बोटं लोकरीला सरावलेली. कापसाचा धागा आखूड, लोकर कातायच्या चातीवर जरा जास्त पीळ बसला की तटकन तुटायचा. तो शिव्या देत नव्हता, फक्त परत जोडायचा. सकाळी ती मजुरीला जायच्या आधी घटकाभर त्याच्याजवळ बसायला लागली. ती सरकी काढून पेळू करून द्यायची, तो कातायचा. कोवळं ऊन दारातून आत यायचं, आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे, वर जावं की खाली हे ठरत नसल्यासारखे.

"झोपा की आता," ती म्हणायची. "रात्रभर जागता."

"तिथं रात नसतीच," एकदा तो म्हणाला. "नुसतं पांढरं ऊन पडलेलं असतंय, विजेच्या नळ्यांचं. सावली बी पडत नाय मानसाची. म्हणून जाताना तुझे दिवे बघून घेतो."

चाती गरगरत होती.

"गाडीला वळण आलं का ते दिसतेत," तो पुढं म्हणाला. "डोळा लागल्यावाणी होतंय तवा. मला वाटतंय आपला तळ पडलाय. मेंढरं बसलीत, जाळ पेटलाय, बा म्होरं बसलाय. तू भाकर थापायली. समदे हायेत. फकस्त त्या टोकाला अंधार ऱ्हातो. मग वाटतं, तिकडून कोणी तरी यायचं ऱ्हायलंय."

सारजाबाईच्या हातातला पेळू तसाच राहिला. डोळे भरून आले ते तिनं लपवले नाहीत. "आवो, मग सांगायचं ना," ती म्हणाली.

"काय सांगायचं? मानूस हासंल."

"मी हासले असते व्हय?"

त्यानं मान हलवली आणि तुटलेला धागा जोडायला घेतला.

सूत विणून पट्टा तयार झाला तेव्हा तो जरा ओबडधोबड होता, लोकरीच्या पट्ट्यासारखा देखणा नव्हता. नानासाहेबांनी तो चुरगाळून कानाशी धरला, दोन्ही बाजूंनी ताणून बघितला, उजेडाकडं धरला. "कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरून," ती म्हणाली.

नानासाहेबांनी ती वात आधी सिरक्यात बुडवायला लावली. त्यानं धूर कमी होतो, असं त्यांचे वडील करायचे. मग ती दिवसभर उन्हात वाळली. सारजाबाईनं ती खालून घातली, चावी हळूहळू फिरवली, आणि नळीभोवती वात वळत वळत वर येताना बघत राहिली. कडेला कड टेकली. एक धागा जरा वर आला होता, तो तिनं कातरला. टाकी भरली आणि तेल चढायला वेळ दिला.

त्या संध्याकाळी मात्र तिनंच घाई केली. गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला, दिवा नुकता कुठं लागला होता, आणि तिनं चावी चढवली. ज्योत लाल झाली, काचेत काळी जीभ लवलवली, आणि दुधी टोपी बघता बघता काजळली. तिनं घाबरून वात खाली घेतली. गाडी निघून गेली तेव्हा ती अंधारात फडक्यानं काच चाचपत होती.

"धूर झाला व्हय?" सकाळी केरबानं विचारलं.

"मह्या चुकीनं."

"हळू घे. गाडी रोज येतीय."

दुसऱ्या दिवशी तिनं दिवा लवकर लावला. वातीचं टोक बारीक कात्रीनं सगळीकडून सारखं केलं. ज्योत लहान ठेवली. काच तापली, मग तिनं चावीला बोटाएवढा वळसा दिला, थांबली, परत दिला. ज्योत गोल झाली. दुधी टोपीतून उजेड असा उतरला की ओसरीच्या त्या टोकाला ठेवलेली पाण्याची घागर, जाईचा वेल, भिंतीवरची पाल, सगळं पहिल्यांदा दिसल्यासारखं दिसलं. नानासाहेब खुर्ची ओढून त्याच्याखाली जाऊन बसले. पाहुण्यांतली एक बाई खोलीतून बाहेर आली, आणि पायरीवर टेकली.

गाडी वळणावर आली. सारजाबाई दिव्याखाली उभी राहिली, तोंड रस्त्याकडं करून. एका खिडकीतून हात बाहेर आला. नुसताच हात, हलला नाही, बाहेर धरलेला राहिला, आणि गाडी घाटाकडं उतरून गेली.

शुक्रवारी वाळूजला सुट्टी. त्या शुक्रवारी केरबा तिच्याबरोबर आला. नानासाहेबांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं, वातीच्या विणीबद्दल बरंच काही विचारलं, आणखी दोन वाती करून द्यायला सांगितल्या. केरबा हो-नाही करत होता. मग दिवे लागले. बोलता बोलता नानासाहेबांच्या लक्षात आलं, की आपण एकटेच बोलतोय. केरबा खांबाला टेकून झोपला होता. दिवस मावळल्यावर, माणसानं झोपावं त्या वेळेला, तोंडावर काही न ओढता. नानासाहेबांनी सारजाबाईला खूण केली आणि आवाज न करता आत गेले.

ती त्याच्याजवळ बसून राहिली. माळावरून गार वारा येत होता, दिवे काचेत स्थिर होते. ओसरीच्या पुढं अंधारात कधी वाटायचं, पुष्कळ जित्राबं बसलीत आणि रवंथ करतायत. तिनं कान दिला. नुसता वारा होता. पण तिला तो वाईट वाटला नाही.

रात्रपाळी सोडवायला वेळ लागला. केरबानं कंत्राटदाराला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा जोरात सांगितलं, तेव्हा फाल्गुनात त्याला दिवसाची पाळी मिळाली. आता संध्याकाळची गाडी त्याला घेऊन जायची नाही, उशिरानं आणून सोडायची. तो वस्तीवर न उतरता नानासाहेबांच्या फाटकाशीच उतरायचा. पाहुणे जेवून खोल्यांत गेले, की दोघं मिळून दिवे मालवायचे. ती चावीनं वात खाली घ्यायची, तो काचेच्या तोंडाशी हात आडवा धरून हळूच फुंकर घालायचा. मग ती कंदील घ्यायची, तो तिची पिशवी, आणि रस्त्याच्या कडेनं घरी निघायचे. केरबा कारखान्यातल्या एका तोतऱ्या मुकादमाची नक्कल करायचा, सारजाबाई त्याला गप्प करायची, कारण हसू आलं की तिच्या हातातला कंदील हलायचा.